कोरफडीचं क्रीम आणि लोणच्याची बरणी

इंदूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. सासूबाईंकडून शिकलेलं उटणं त्या दर दिवाळीला घरापुरतं करत. दोन वर्षांपूर्वी भिशीतल्या मैत्रिणींना ते आवडलं, मागणी वाढली आणि उटण्याच्या जोडीला कोरफडीचं क्रीम सुरू झालं. घरच्या कोरफडीचा गर, बदाम तेल, मधमाश्यांचं मेण, गुलाबपाणी आणि टिकावं म्हणून व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल. डबीवर चिठ्ठी, 'शंभर टक्के नैसर्गिक, केमिकलविरहित'. यंदा श्रावणात दिलेल्या काही डब्यांना वास यायला लागला, एका डबीच्या झाकणाला आतून काळे ठिपके दिसले. धाकट्या नणंदेच्या गालांवर बारीक पुळ्या आल्या, खाज सुटली. सासूबाई म्हणतात, 'आमच्या चार पिढ्यांनी लावलं, कुणाला काही झालं नाही. तिचीच कातडी नाजूक.' यजमान म्हणतात, 'बाजारात प्रिझर्व्हेटिव्ह मिळतं, घाल थोडं, कोण विचारतंय?' दिवाळीसाठी साठ डब्यांची मागणी नोंदवली गेली आहे. ताई विचारतात की केमिकल न घालता हे क्रीम दोन-तीन महिने कसं टिकवावं? आणि घातलंच, तर आपल्याच चिठ्ठीशी ती बेइमानी नाही का?

ताई,

दिवाळीचं नंतर बघू, आधी नणंदेचं. तिला ते क्रीम लगेच बंद करायला सांगा. चेहरा साध्या पाण्याने धुवायचा आणि वर दुसरं काहीही घरगुती लावायचं नाही, हळद-चंदनाचा लेपसुद्धा नाही. दोन-चार दिवसांत उतरलं नाही, पुळ्यांत पू दिसला, सूज आली किंवा डोळ्याजवळ काही झालं, तर थेट त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं. तिची डबी फेकू नका. झाकण घट्ट लावून पिशवीत बांधून ठेवा, डॉक्टरांना दाखवता येईल. पुळ्या खराब झालेल्या क्रीममुळे आल्या की तिला मेणाची किंवा गुलाबाची ॲलर्जी आहे, हे पत्रावरून मी सांगू शकत नाही. पण ज्या घाण्यातल्या एका डबीला बुरशी धरली, त्या घाण्यातली कुठलीच डबी आता भरवशाची नाही. म्हणून ज्यांना ज्यांना दिली, त्या सगळ्यांना आजच फोन करा. 'माझ्या क्रीमला बुरशी आलीय, वापरू नका, पैसे परत देते,' एवढं सरळ बोला. कठीण वाटतं, पण तुम्ही स्वतःहून सांगितलंत तर मैत्रिणी टिकतील.

'वास आला' हे तुम्ही लिहिलंय, त्यावर माझा एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी मी गुलाबाच्या पाकळ्या उकळून पाणी गाळलं आणि फवाऱ्याच्या बाटलीत भरून आरशापाशी ठेवलं. मे महिना होता. येता-जाता तोंडावर फवारत होते. आठ-नऊ दिवसांनी हनुवटीवर पुळ्या आल्या म्हणून बाटली उजेडात धरली. आतल्या नळीच्या टोकाला कापसाच्या पेळूसारखा पांढरा तंतू लोंबत होता आणि तळाशी गढूळ साका. झाकण उघडून वास घेतला, तर अगदी टवटवीत गुलाब! तेव्हापासून नाकाच्या भरवशावर मी काही ठेवत नाही. बुरशी डोळ्यांना दिसते किंवा वास बदलतो, तोवर आत जंतू भरपूर वाढलेले असतात. आणि काही जंतू तर ना रंग बदलतात ना वास. तेव्हा ज्या डब्यांना अजून वास आलेला नाही, त्याही परत घ्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुम्ही धरून चालला आहात की नैसर्गिक वस्तू आहे, म्हणजे ती निर्धोक आहे, फक्त थोडी टिकवायची आहे. हा धागा जरा उसवून बघू. तुमच्या घरी कैरीचं लोणचं वर्षभर राहतं. ओल्या नारळाची चटणी मात्र उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबते. दोन्ही घरचीच, दोन्ही नैसर्गिकच. फरक पडतो तो पाण्याने. लोणच्यात मीठ पाणी बांधून ठेवतं, आंबटपणा जंतूंना मानवत नाही आणि वरून तेलाचा थर असतो. चटणीत मोकळं पाणी आणि पोसायला खोबरं. जंतूंना आणखी काय हवं? पापड-कुरडया उन्हात कडकडीत वाळवतो, लोणच्यात ओला चमचा घातला की सासूबाई ओरडतात, हे सगळं त्याच एका शहाणपणाचं. त्या मापाने तुमचं क्रीम बघा. कोरफडीच्या गरात जवळजवळ सगळं पाणीच, गुलाबपाणी म्हणजे पाणी, शिवाय कोरफडीतल्या शर्करा. ही चटणी आहे ताई, लोणच्याच्या बरणीत भरलेली. ती दोन-तीन महिने टिकवायला निघालात, म्हणून अडलं.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. चार पिढ्यांना खरोखरच काही झालं नसेल. पण त्या पिढ्यांनी नेमकं काय केलं, ते त्यांना निवांत बसून विचारा. उटणं कोरडं दळून डब्यात असायचं. नरक चतुर्दशीच्या पहाटे वाटीत हवं तेवढं घेऊन दुधात किंवा तेलात कालवायचं, अंगाला लावायचं आणि वाटी तिथेच धुऊन टाकायची. कालवलेलं उटणं भाऊबीजेपर्यंत कुणी ठेवत नसे. कोरफडीचं पान लागेल तेव्हा कापायचं. शंभर वेळा पाण्यात फेटलेलं तूपसुद्धा घरात कुणाला भाजलं-सवरलं तर जरुरीपुरतंच होत असे. त्या काही टिकवत नव्हत्या, ताजं करत होत्या. तुम्ही त्यांचे जिन्नस घेतलेत, पण त्यांची वेळ सोडलीत. सासूबाईंना हे असं सांगितलंत तर त्या दुखावणार नाहीत, उलट आणखी दोन गोष्टी आठवून सांगतील.

आणि तुमच्या कृतीतच एक खोट आहे. तीन-चार दिवसांनी क्रीमवर पाण्याचे बारीक थेंब सुटतात का? सुटत असणारच. नुसतं मेण तेल आणि पाणी खरं एकजीव करत नाही, ते त्यांना काही काळ अडकवून ठेवतं. जुन्या कोल्ड क्रीममध्ये मेणासोबत टाकणखार घालत, तेव्हा कुठे ते जमायचं. तुमच्या क्रीमवर सुटलेला तो थेंब म्हणजे बुरशीचं अंगण. झाकणाला आतून काळे ठिपके आले तेही त्यामुळेच. डबी उन्हातून आणली, गार जागी ठेवली की आतली वाफ झाकणाला लागून पाणी होते.

व्हिटॅमिन ईबद्दल फार जणींचा गैरसमज आहे, म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते. ते तेलाला खवट होऊ देत नाही, म्हणजे निदान लांबवतं. जंतूंना किंवा बुरशीला ते काही करत नाही. कडुनिंबाचं तेल, टी ट्री, लवंग यांनीही पाण्याचं क्रीम राखलं जाईल अशी खात्री देता येत नाही. जंतू मरतील इतकं घातलं तर कातडीच पोळायची. फ्रिजमध्ये जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. आणि तुमच्या मैत्रिणी डबी आरशापाशी किंवा न्हाणीघरात ठेवतात, ओल्या बोटाने काढतात. तुम्ही कितीही स्वच्छ केलंत तरी तिथून पुढे ते तुमच्या हातात नाही.

पाण्याचंही बघा. इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, घरोघरी टाक्यांत साठवलेलं असतं. प्यायला आपण ते गाळतो, उकळतो, फिल्टर लावतो. क्रीममध्ये मात्र पटकन नळाखाली वाटी धरली जाते. बॅटरीत घालायचं पाणी शुद्ध म्हणून आणणाऱ्याही मला भेटल्या आहेत. ते चेहऱ्यासाठी नसतं, निर्जंतुकही नसतं.

आता यजमानांच्या 'घाल थोडं'कडे येऊ. प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे विष, ही तुमची धास्ती मला बरोबर वाटत नाही. लिंबाचं सरबत वर्षभर टिकवायला घरोघरी सोडियम बेंझोएट घालतात, ते प्रिझर्व्हेटिव्हच आहे. पाण्याचं क्रीम महिनोन्‌महिने ठेवायचं असेल, तर प्रिझर्व्हेटिव्हशिवाय ते ठेवणं जास्त धोक्याचं. पण 'थोडं' या शब्दाला मात्र माझा सक्त विरोध आहे. बेंझोएट आम्ल मिश्रणातच काम करतं, पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ५च्या खाली हवा. तरी ते बुरशीवर जास्त चालतं, जंतूंवर कमी, म्हणून क्रीमला एकटं पुरत नाही. प्रसाधनांत फिनॉक्सिइथेनॉल नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह बरंच वापरतात. त्याची कमाल मर्यादा १ टक्का, म्हणजे १०० ग्रॅम क्रीममध्ये जास्तीत जास्त १ ग्रॅम. हे चमच्याच्या अंदाजाने मोजता येत नाही. सराफाकडे असतो तसा बारीक वजनकाटा लागतो, पीएचच्या पट्ट्या लागतात, आणि एवढं करूनही ते क्रीम खरंच टिकतंय का हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळत नाही. कमी पडलं तर जंतू वाढतात, जास्त झालं तर चेहऱ्याची आग होते.

आणि बेइमानी? घातलं आणि चिठ्ठी तीच ठेवली, तर ती नक्कीच बेइमानी. घातलं आणि नावानिशी लिहिलं, तर नाही. पण ताई, खरं सांगू? आज जी चिठ्ठी आहे, तीही अपुरीच आहे. तीवर केल्याची तारीख नाही, कधीपर्यंत वापरायचं ते नाही, आत काय काय आहे तेही नाही. नणंदेसारख्या एखादीला बदाम सोसत नसतील, तर तिने कशावरून ओळखायचं?

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, तुम्हाला आवडणार नाही तरी. आपल्याकडे विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं, तर परवाना लागतो. १९४०चा औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा कायदा आणि त्याखालचे २०२०चे नियम घरच्या ओट्यावर केलेल्या साठ डब्यांनाही लागू होतात. परवाना राज्याकडून मिळतो, मध्य प्रदेशात खाद्य आणि औषध प्रशासनाकडून. अंगाला चोळायची, उजळपणासाठी लावायची वस्तू या व्याख्येत उटणंही येतं. तुमच्यासारख्या कितीतरी जणी हे ठाऊक नसल्यामुळेच विकत असतात. मी घाबरवत नाहीये. पण कुणाच्या डोळ्याला इजा झाली आणि प्रकरण वाढलं, तर 'घरचंच होतं' हे उत्तर चालत नाही. डोळ्याचं मी मुद्दाम म्हणतेय, कारण खराब झालेल्या प्रसाधनात वाढणारे काही जंतू डोळ्यात गेले तर नजर जाऊ शकते. घरी केलेलं काजळ एकीचं दुसरीने लावू नये, ते याचसाठी.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की या दिवाळीत क्रीमच्या साठही डब्या रद्द करा. पैसे घेतले असतील तर परत करा. उटणं करा, पण घरापुरतं आणि आप्तेष्टांना भेट म्हणून. विक्रीचा विचार पुढच्या वर्षासाठी ठेवा आणि आत्ताच प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन परवान्याची चौकशी करून या. स्वतःची खोली, यंत्रं, सगळं उभारणं झेपणार नसेल, तर दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपला माल करून घेण्याचीही सोय कायद्यात आहे, तिला लोन लायसन्स म्हणतात. सांवेर रोड, पीथमपूरकडे औषधांचे कारखाने आहेत, तिथे ओळखीपाळखीतून प्रसाधनांचा परवाना असलेलं कुणी सापडतं का बघा. आणखी एक वाट मला फार आवडते. भिशीच्या बायकांना विकण्याऐवजी शिकवा. कोरडं कसं दळायचं, ताजं कसं कालवायचं, याचा दोन तासांचा वर्ग घ्या, त्याची फी घ्या. तुमच्या हाताला जी गोडी आहे ती त्यातही दिसेल.

आता उटण्याचं नीट सांगते, कारण तीच तुमची खरी जमेची बाजू आहे. घाई करून श्रावण-भाद्रपदात दळू नका, हवा दमट असते. पावसाळा सरला, माळव्याची हवा कोरडी झाली की वाळा, नागरमोथा, गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची साल, आंबेहळद असं सगळं पुन्हा एकदा कडक वाळवा. साल बोटांनी मोडताना कट्‌कन तुटली पाहिजे, वाकली तर अजून पाणी आहे. सियागंजातून मसूर, मुलतानी माती घाऊक आणाल तेव्हा वर्षभराचं भरू नका, दिवाळीपुरतंच घ्या, किडे आणि जाळी धरलेली नाहीत ना ते चाळून बघा. दळल्यावर पीठ गरम असतं. तसंच बरणीत भरलं तर आत घाम सुटतो आणि तिथूनच गुठळ्या व्हायला लागतात. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग मलमलीतून वस्त्रगाळ करा. मूठभर दाबून बघा, लाडू वळल्यासारखं चिकटून राहिलं तर पुन्हा ऊन दाखवा. काचेची बरणी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून उलटी घालून रात्रभर वाळवा. फडक्याने पुसू नका, फडक्याचेच जंतू लागतात. पुड्यांवर दळल्याची तारीख, सगळे जिन्नस आणि 'कोरड्या चमच्याने घ्या, लागेल तेवढंच कालवा' असं लिहा. सहा महिन्यांवर ठेवू नका. मुलतानी माती ही शेवटी माती आहे, तिच्यात धनुर्वाताचे जंतूही असू शकतात, म्हणून खरचटलेल्या, फुटलेल्या कातडीला असं उटणं लावू नये. तान्ह्या बाळाला तर मुळीच नको.

क्रीमची हौस भागवायची असेल तर कृतीतून पाणी पूर्ण वगळा. तेल आणि मेण एवढंच वितळवून केलेलं ओठांचं, टाचांचं मलम जंतूंना सोयीचं नसतं, फक्त ते खवट होऊ शकतं. खोबरेल तेल सावकाश खवटतं, बदामाचं त्याहून लवकर, जवसाचं फारच लवकर. लहान बाटली आणा, गडद काचेत, उन्हापासून लांब ठेवा. जुन्या तेलात नवं ओतू नका, खवट तेल नव्यालाही ओढतं. तेल तांब्या-लोखंडाच्या भांड्यात साठवू नका, या धातूंमुळे ते लवकर बिघडतं. मलमात ओलं बोट गेलं की मात्र पुन्हा पाण्याचीच कथा, म्हणून घरातही काडीने किंवा छोट्या चमच्याने काढायची सवय लावा.

गुलाबपाणी घरी केलं तर फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात जाणं टाळा, लिंबातल्या काही द्रव्यांमुळे उन्हात कातडी पोळते आणि काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. नवीन काहीही असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा.

राहिली कोरफड. पान कापलं की दहा-पंधरा मिनिटं वाटीत उभं धरून ठेवा, कापलेली बाजू खाली. पिवळसर चीक निथळेल. त्या चिकाने पुष्कळांना खाज सुटते, नणंदेच्या बाबतीत तोही संशय धरायला जागा आहे. मग पान धुवा, साल काढा, पारदर्शक गर तेवढाच घ्या आणि त्याच दिवशी वापरा. उरला तर बर्फाच्या साच्यात घालून गोठवा आणि एक-एक खडा काढा.

आणि क्रीमच्या डब्यांची वाट बघणाऱ्या मैत्रिणींना रिकाम्या हाती पाठवायचं नसेल, तर एक सुचवते. तुमच्या कोरफडीच्या बुंध्याशी पिल्लं फुटलेली असतील. नवरात्रात ती मुळांसकट अलगद सुटी करा, दोन-तीन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या, मग निम्मी वाळू घातलेल्या मातीत लावा. आठवडाभर पाणी घालू नका, नंतरही माती पूर्ण सुकल्यावरच घाला. दिवाळीपर्यंत रोप बहुधा मूळ धरेल. उटण्याच्या पुडीबरोबर ती छोटी कुंडी द्या आणि पान कसं निथळायचं ते तिथेच, त्यांच्यासमोर, एकदा करून दाखवा.